क्वार्टो शिकायचाय? आधी सोंगटी द्यायला शिका

मे महिन्यातली नागपूरची दुपार. पारा ४५ च्या वर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, घरात कूलर घरघरतोय आणि पोट्टे मोबाईलसाठी एकमेकांच्या झिंज्या उपटून राहिले. या भांडणावर उपाय म्हणून दोन उन्हाळ्यांआधी आमच्याकडे क्वार्टो नावाचा पाटावरचा खेळ सुरू झाला आणि आता कोणी घरी आलं की विचारतंच, हे काय खेळून राहिले तुम्ही, आम्हालाही शिकवा न. दरवेळी तोंडी सांगून माझा घसा बसला म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. बुद्धिबळ येत नसेल तर टेन्शन नाही. उलट येत नसेल तर बरंच, का ते सांगतो पुढे.

खेळ तसा जुना नाही. ब्लेझ म्युलर नावाच्या स्विस गणितज्ञाने शोधला आणि फ्रान्सच्या जिगामिक कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. दोघांनी खेळायचा, ४ बाय ४ चा पाट म्हणजे १६ घरं, आणि सोंगट्या पण १६. नियम पाच मिनिटांत कळतात, पण एक गोष्ट डोक्यात बसायला पाच दिवस लागतात, ती ही की यात माझ्या सोंगट्या आणि तुझ्या सोंगट्या असं काही नसतंच. काळी तुझी नाही, पांढरी माझी नाही, सगळ्या दोघांच्या. आणि त्याच्याही पुढची गंमत म्हणजे तुम्हाला जी सोंगटी ठेवायची आहे ती तुम्ही निवडत नाही, समोरचा निवडून तुमच्या हातात देतो. तुम्ही फक्त कुठे ठेवायची ते ठरवायचं, आणि मग त्याच्यासाठी एक निवडून द्यायची.

माझा भाचा इथेच अडकतो. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा चेस वर्ल्ड कप काढला ना, तेव्हापासून आमच्या गल्लीतले अर्धे पोट्टे चेस क्लासला जातात, त्यात हा पण. पोट्टा हुशार आहे, चार-पाच चाली पुढचं पाहतो, पण क्वार्टोत माझ्या आईकडून, म्हणजे त्याच्या आजीकडून, ओळीने सात डाव हरला. कारण तो ठेवायचा विचार करतो दोन मिनिटं आणि द्यायचा विचार करतो दोन सेकंद. आईचं नेमकं उलटं आहे. ती ठेवते कुठेही, पण द्यायच्या वेळी बाजारात वांगी निवडावीत तशी एकेक सोंगटी उचलून पाहते.

सोंगट्या कशा असतात

प्रत्येक सोंगटीचे चार गुण. काळी नाहीतर पांढरी, उंच नाहीतर बुटकी, गोल नाहीतर चौकोनी, आणि वरून भोक पाडलेली नाहीतर भरीव. प्रत्येक गुणाचे दोनच प्रकार, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, बरोबर १६, आणि कोणत्याही दोन सोंगट्या सेम टू सेम नाहीत. काळ्या मोजल्या तर ८ भरतील, उंच मोजल्या तरी ८, भोकाच्या पण ८. आमच्याकडे भोकवालीला मेदूवडा म्हणतात आणि भरीवला आलूबोंडा, आता नागपुरात बटाटेवडा कोण म्हणतं. ही नावं आजीने पाडली आणि लहान पोट्ट्यांना तीच लवकर पाठ झाली, तुम्ही तुमची पाडा.

इम्पोर्टेड लाकडी सेट मिळतो पण महाग पडतो, आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मी दोन-तीन दुकानांत विचारलं तर त्यांनी लुडो अन् व्यापार दाखवला. त्यामुळे सुरुवातीला घरीच बनवा. बुटाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, ८ गोल कापा ८ चौकोनी, त्यातले अर्धे मोठे अर्धे लहान, मग प्रत्येक प्रकारातले अर्धे स्केचपेनने काळे करा, आणि शेवटी सारख्या दिसणाऱ्या दोन-दोनांतल्या एकेकीला पंचिंग मशीनने भोक. उंच-बुटकीच्या ऐवजी मोठी-लहान झाली, खेळात फरक पडत नाही. पाट म्हणून चेसबोर्डचा एक कोपरा, चार बाय चार, बाकीच्यावर पेपर झाका. किंवा फरशीवर खडूने आखा.

पुठ्ठ्याचा एकच प्रॉब्लेम, कूलर. आमचा चांगला रंगात आलेला डाव एकदा कूलरच्या हवेने दिवाणाखाली गेला, तेव्हा मी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या एका सुताराला गाठलं आणि त्याच्याकडच्या उरलेल्या तुकड्यांतून सेट करून घेतला. भारी बनवला भाऊने, हातात घेतला की वजन जाणवतं. पण तीन आठवडे खेळल्यावर भाच्याला कळलं की काळी उंच गोल भोकाची दोन आहेत आणि काळी उंच गोल भरीव एकही नाही! म्हणजे एका सोंगटीला चुकून भोक पडलं होतं आणि आम्ही सगळे शहाणे तीन आठवडे तसेच खेळत होतो. (लाकडी भुसा अन् फेविकॉल भरून ती भरीव करून घेतली, अजून ओळखू येते.) तेव्हा सेट विकत घ्या की घरी करा, पहिल्यांदा सगळ्या सोंगट्या मांडून तपासा. चार ओळी करायच्या: काळ्या उंच, काळ्या बुटक्या, पांढऱ्या उंच, पांढऱ्या बुटक्या. प्रत्येक ओळीत चारच यायला पाहिजेत, गोल भोकाची, गोल भरीव, चौकोनी भोकाची, चौकोनी भरीव. एक मिनिटाचं काम आहे.

डाव कसा चालतो

टॉस करा. जो हरला तो पहिली सोंगटी देईल. पहिली कोणती द्यायची यावर अजिबात डोकं लावू नका, रिकाम्या पाटावर सोळाही सारख्याच. समोरचा ती कुठेही ठेवतो आणि उरलेल्यातली एक तुम्हाला देतो, तुम्ही ठेवता, त्याला देता, असंच चालू. एकदा ठेवलेली सोंगटी हलवायची नाही. दिलेली परत घ्यायची नाही, यावरून आमच्याकडे भांडणं झाली म्हणून नियमच केला की हात सुटला की दिली.

जिंकायचं कसं, तर आडवी, उभी किंवा कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी, कोणतीही चार घरांची ओळ भरली आणि त्या चारही सोंगट्यांत एक तरी गुण सारखा निघाला की ज्याने चौथी ठेवली तो जिंकला. चारही उंच, बाकी रंग-आकार काहीही असो, चालेल. आधीच्या तीन कोणी ठेवल्या याला काही अर्थ नाही, चौथी ज्याची डाव त्याचा. ठेवल्यावर "क्वार्टो" म्हणायचं. म्हणायचं विसरलात, किंवा दिसलंच नाही आणि तुम्ही पुढची सोंगटी देऊन बसलात, तर समोरचा त्या क्षणी ती ओळ दाखवून क्वार्टो म्हणू शकतो आणि मग डाव त्याचा. त्यालाही दिसलं नाही तर ती ओळ गेली, खेळ पुढे. सोळा घरं भरली आणि कोणीच जिंकलं नाही तर बरोबरी.

नव्या माणसाला चार गुण एकदम झेपत नाहीत, हे मी पाहुण्यांवर प्रयोग करून सांगतोय. पहिले दोन डाव फक्त रंगावर खेळा, बाकी गुण मोजायचेच नाहीत. मग दोन डाव रंग आणि आकार. मग उंची, आणि भोक सगळ्यात शेवटी, कारण भोकच सगळ्यात जास्त निसटतं. आणि एक, खुर्चीत बसून टेबलावर खेळू नका, वरून पाहिलं की उंच अन् बुटकी सारखीच दिसते. खाली चटईवर बसा. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये पण खेळून पाहिलंय, गोल सोंगटी बर्थखाली घरंगळली आणि वर्ध्यापर्यंत आम्ही वाकून वाकून तीच शोधत होतो.

देणं

आता खरा खेळ. एका ओळीत तीन सोंगट्या आहेत समजा: काळी उंच गोल भरीव, काळी बुटकी चौकोनी भरीव, काळी उंच चौकोनी भोकाची. बघा काय सारखं आहे. उंची नाही, मधली बुटकी आहे. आकार नाही, पहिली गोल आहे. भोक पण नाही, शेवटचीला भोक आहे. उरला फक्त रंग. म्हणजे या ओळीचं चौथं घर रिकामं आहे तोवर समोरच्याला काळी देणं म्हणजे डाव ताटात वाढून देणं, पण पांढरी कोणतीही बिनधास्त द्या. असं प्रत्येक तीन भरलेल्या ओळीचं आधी काढायचं, ही ओळ काय मागून राहिली. काही ओळी दोन गुण मागतात, भरीव पण आणि उंच पण, मग त्यातली एखादी गोष्ट असलेली सोंगटीही देता येत नाही. आणि काही ओळी काहीच मागत नाहीत, त्या मेल्या, सोडून द्या.

फुली-गोळ्याची सवय असलेला माणूस इथे आपटतो. त्याला वाटतं मी तीनची ओळ केली म्हणजे समोरच्याला घाम फोडला. अरे बाबा, ओळ केल्यावर सोंगटी द्यायची पाळी तुझीच आहे! तीनची ओळ आधी तुमचेच पर्याय कमी करते, समोरचा त्यानंतर. माझा पहिला मोठा पराभव असाच झाला. दुसऱ्या आडव्या ओळीत तीन काळ्या होत्या, चौथं घर रिकामं. आईने मला पांढरी दिली, तिकडे एका उभ्या ओळीत दोन पांढऱ्या होत्या, मी खूश होऊन तिसरी तिथे ठोकली. आईने काही पाहिलं पण नाही, नुसता तळहात पुढे केला आणि म्हणाली, "दे न आता, काय पाहून राहिला?" मी परातीत पाहिलं. उरलेल्या सोंगट्या एकतर काळ्या होत्या नाहीतर पांढऱ्या. तिसरा रंग कुठून आणू.

ती परात पण महत्त्वाची आहे, सांगायचं राहिलं. आई उरलेल्या सोंगट्या पाटाशेजारी परातीत ठेवते आणि तीनची ओळ झाली की परातीतच निवडायला बसते, चालणाऱ्या, म्हणजे बिनधास्त देता येतील अशा, डावीकडे, न चालणाऱ्या उजवीकडे, अगदी मेथी निवडल्यासारखं. समोरच्याला दिसतं तर दिसू दे, त्यालाही तेच दिसणार आहे. नवीन असताना तुम्ही पण हेच करा, मनातल्या मनात चार गुण अन् दहा ओळी सांभाळायला जाल तर भैताडासारखे हराल. द्यायच्या आधी दर वेळी एकाच क्रमाने पाहायचं: चार आडव्या, चार उभ्या, आणि मग दोन तिरप्या. तिरप्या हमखास राहतात. आमच्या घरचे निम्मे डाव तिरप्या ओळीवरच संपलेत आणि दर वेळी हरणारा म्हणतो, "अबे हे कधी झालं?"

मोजणं

पहिल्या पाच-सहा सोंगट्यांपर्यंत मोजू नका, टाइमपास होतो नुसता. पाट अर्धा भरला की सुरू करा. सोंगटी ठेवून झाली की देण्याआधी परातीतल्या चालणाऱ्या मोजा. विषम निघाल्या तर चांगलं, सम निघाल्या तर सांभाळून.

का ते पाहा. तुम्ही ठेवली, परातीत ५ उरल्या, पाटावर एकच धोक्याची ओळ आणि ती काळी मागतेय. परातीत ३ पांढऱ्या, २ काळ्या, म्हणजे चालणाऱ्या ३. तुम्ही पांढरी दिली, त्याने ठेवली अन् तुम्हाला दुसरी पांढरी दिली, तुम्ही ठेवली अन् शेवटची पांढरी त्याला दिली. त्याने ती ठेवली, आता परातीत दोनच, दोन्ही काळ्या, आणि द्यायची पाळी त्याची. झाला खेळ. चालणाऱ्या ४ असत्या तर हाच फास तुमच्या गळ्यात आला असता.

पण समोरचा काही झोपलेला नाही. तुम्ही दिलेली पांढरी तो सरळ त्या काळ्या ओळीच्या चौथ्या घरात ठेवेल आणि ओळ बुजवून टाकेल, मग काळ्या पण चालायला लागल्या आणि तुमचं मोजणं पाण्यात. म्हणून दोनदा मोजायचं, एकदा त्याने ओळ तशीच ठेवली तर, आणि एकदा बुजवली तर. दोन धोक्याच्या ओळी वेगवेगळ्या घरांवर संपत असतील तर एका सोंगटीने एकच बुजते, हे लक्षात ठेवा. आणि दोन ओळी एकाच रिकाम्या घरावर येऊन मिळत असतील, एक काळी मागतेय दुसरी पांढरी, तर त्या घरात कोणतीही सोंगटी ठेवली तरी क्वार्टो, तिथे बुजवणं नाहीच. असं घर तयार करणारा स्वतःच मरतो कारण पुढची सोंगटी त्यालाच द्यायची असते. समोरच्याकडे असं करण्यावाचून पर्याय उरू नये अशी वेळ आणायची, ते जमायला वेळ लागतो, मला अजून दहातून दोनदा जमतं.

बचावाची एक युक्ती नव्या माणसाला लगेच वापरता येते. प्रत्येक सोंगटीची एकच पूर्ण उलटी सोंगटी असते. काळी उंच गोल भरीवची उलटी म्हणजे पांढरी बुटकी चौकोनी भोकाची, चारही गुण वेगळे. अशा ८ जोड्या आहेत. या दोघी एका ओळीत आल्या की ती ओळ तिथेच मेली, पुढे तिथे काहीही ठेवा, चारही सारख्या होणारच नाहीत. डाव अंगावर येतोय वाटलं आणि हातात कोणाची तरी उलटी आली की त्या ओळीत नेऊन टाका, डोकं शांत होतं. आजी याला सासू-सुनेची जोडी म्हणते, सासू कोणती ते सांगत नाही.

जागेबद्दल फार काही नाही. कोपऱ्यातली चार आणि मधली चार, ही आठ घरं तिरप्या ओळींवर पण येतात म्हणून प्रत्येक घर तीन ओळींत मोडतं, बाकीची आठ फक्त दोन ओळींत. गुंता वाढवायचा तर तिरप्यांवर ठेवा, कमी करायचा तर बाकीच्यात. मी सुरुवातीला गुंता टाळतो. भाचा मुद्दाम वाढवतो आणि मग स्वतःच त्यात अडकतो, पण सात हरल्यावर आठवा डाव जिंकला त्याने, परात निवडून. आजीला एक तिरपी दिसली नाही, मेदूवड्यांची.

दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो, हे कॉम्प्युटरने केव्हाच काढून ठेवलंय. त्याची तुम्हाला-मला चिंता नको, आपल्याला अचूक खेळता येत नाही. ज्यांना बरोबऱ्यांचा कंटाळा येऊ लागला त्यांच्यासाठी चौकाचा नियम आहे: ओळींसोबत दोन बाय दोनचा कोणताही छोटा चौक, चार सोंगट्यांत एक गुण सारखा, तो पण क्वार्टो. असे चौक पाटावर ९ बसतात, म्हणजे १० ओळींच्या जागी एकूण १९ ठिकाणी लक्ष ठेवायचं. आमच्याकडे मागच्या रविवारी सुरू केलं हे. आईने पहिल्याच डावात चौक लावला, सोंगट्या परातीत भरल्या आणि चहा टाकायला उठली, मी अजून पाटाकडे पाहून राहिलो होतो की नेमका कोणता चौक.